टाकीची हमी

फुकट काही द्यायची रंगाऱ्याला सवय नव्हती. त्यामुळे बहिणीच्या कार्यक्रमासाठी सगळे शर्ट बिनपैशात रंगवून देतो म्हणाला, तेव्हा बायकोने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता, नुसती हौस होती.

त्याची धाकटी बहीण शाळेत शिकवायची आणि उरलेला सगळा जीव नदीवर टाकायची. तो तिला ‘नदीची मावशी’ म्हणून चिडवायचा. या वर्षी तिने होड्यांची फेरी ठरवली होती. हौशी मंडळींनी बंधाऱ्यापर्यंत वल्हवत जायचं, त्यांच्या ओळखीपाळखीच्यांनी नदीच्या दर वळणामागे कबूल केलेली रक्कम द्यायची आणि जमलेल्या पैशांतून नदीला मिळणाऱ्या नाल्यांना गाळण्या बसवायच्या. एवढं सगळं बहीण करणार आणि त्यात भावाचं नाव कुठेच नाही, हे त्याला जरा लागलं होतं.

नाव तसं निघालं होतं, पण भलत्याच कारणाने. पहिल्याच सभेत औषधवाल्याने विचारलं होतं की, नदी वाचवायची तर आधी त्या रंगाच्या कारखान्याचं काय? बहीण उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “माझ्या दादाकडे टाकी आहे. रंगाचं पाणी तिच्यात साठतं, टँकर येऊन घेऊन जातो. थेंबभरही नदीत जात नाही. हमी माझी.” बाईंनी हमी दिली म्हटल्यावर पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. आणि बाई बोलल्या ते खरंच होतं. निदान तोवर.

रंग त्याने मोरपंखी निवडला. ही छटा त्याची स्वतःची होती, पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला ती साधत नव्हती आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा. शर्ट वाळले, तेव्हा त्याला काहींच्या खांद्यावर फिकट डाग दिसले. बायकोला दिसले नाहीत, कामगारांनाही दिसले नाहीत. पण चारचौघांत आपल्या रंगाला नाव ठेवलं जाईल या धास्तीने त्याने सगळेच्या सगळे शर्ट पुन्हा हौदात घातले. दुप्पट रंग, दुप्पट पाणी, आणि टाकी काठोकाठ भरली. टँकरवाला सुट्टीवर होता. मग फेरीच्या आदल्या संध्याकाळी रंगाऱ्याने टाकीचा खालचा नळ सोडला. नदीच्या काठावरच त्याचा जन्म गेला होता, तिची ओढ त्याला ठाऊक होती. सकाळपर्यंत पाणी बंधारा ओलांडून कुठच्या कुठे गेलं असतं.

गेलंही असतं. पण होड्यांना खोल पाणी मिळावं म्हणून बंधाऱ्याची दारं दोन दिवस बंद ठेवायचं सभेत ठरलं होतं. रंगारी त्या सभेला हजर होता. फक्त त्या वेळी तो मनातल्या मनात मोरपंखीत निळा किती घालावा याचा विचार करत होता.

सकाळी काठावर सगळीकडे मोरपंखीच मोरपंखी होतं. लोक शर्ट चाचपून त्याचं कौतुक करत होते आणि हा ‘त्यात काय एवढं’ म्हणत आणखी ताठ होत होता. होडीत पुढे बहीण बसली, मागे तो. निम्म्या वाटेपर्यंत ती वळून वळून हसत होती. दादा आपल्या कामात आला, याचा आनंद तिच्या तोंडावरून ओसंडत होता.

शेवटच्या वळणापलीकडे पाणी तुंबलं होतं. आधी त्याला वाटलं, शर्टांचं प्रतिबिंब पडलंय. मग त्याने वल्हं उचललं. बहिणीच्या बाहीवर उडालेले थेंब दिसलेच नाहीत, पण तिच्या पांढऱ्या टोपीवर उडालेले चांगलेच दिसले.

“नदीलाही शर्ट दिलेला दिसतोय,” शेजारच्या होडीतला न्हावी म्हणाला. त्याला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. दोघे-चौघे हसले. मग एकेकाची नजर पाण्यावरून स्वतःच्या छातीकडे गेली आणि हसणं बंद पडलं.

बहिणीने वल्हं थांबवलं. ती वळली नाही. घरी चहा गार झाला तरी डोकं खाणारी ही बाई, तिने आता ओरडावं, चार लोकांत झाडावं, असं त्याला फार वाटत होतं. ती ओरडली नाही. तो तिच्या मानेकडे बघत राहिला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काठावर लोक गोळा झाले. औषधवाल्याने फक्त “बाई?” एवढंच विचारलं. मी सांगतो, असं रंगाऱ्याने मनाशी घोकलं होतं, पण आधी तो होडी बांधायला वाकला. तेवढ्यात बहीण बाकावर चढली.

“टाकीची हमी मी दिली होती,” ती म्हणाली. “आणि मी ती एकदाही जाऊन पाहिली नव्हती. चूक माझी आहे. ज्यांना कबूल केलेले पैसे आता द्यायचे नसतील, त्यांनी देऊ नयेत.”

निदान तेव्हा तरी त्याने तोंड उघडायला हवं होतं. ती त्याच्या हाताच्या अंतरावर उभी होती. पण हा भला माणूस शर्टाची खालची दुमड सरळ करत उभा राहिला. ज्यांना काहीच कळलं नव्हतं अशा एक मावशी जवळ येऊन प्रेमाने म्हणाल्या, “रंग मात्र सुरेख बसलाय हं.” धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं, पण तिलाही तो नको असावा.

गर्दी पांगली तशी बहीण त्याच्याकडे आली.

“कारखान्याची किल्ली आहे ना जवळ?”

“आहे. अगं, मी सांगतो तुला, ते झालं असं की—”

“सांगू नकोस, दादा. मला टाकी बघायचीय.”

लहानपणापासून तो सांगेल ते तिने खरं मानलं होतं. तो पुढे चालू लागला. मागून ती आली आणि तिच्या मागून औषधवाला, न्हावी आणि आणखी काही जण, सगळे मोरपंखी. रोज उघडायचं ते कुलूप त्याला लवकर उघडेना. शेवटी उघडलं. तो दारातून बाजूला झाला आणि बहीण त्याच्याकडे न बघता स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आत गेली.