गाव सोडून सगळ्यांनी पाहिलं

रेडिओवर पोराचं नाव आलं की इतर आया नाचतात. मी मात्र क्रूसाची खूण करते. नाव आलं म्हणजे लेनी कुणाला तरी जाऊन धडकला, आणि धडकला म्हणजे तो उठला हे कळेपर्यंत माझा जीव टांगणीला. म्हणून त्याच्या सामन्याला मी कधी गेले नाही. स्टेडियम आमच्या गल्लीच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचे दिवे दिसतात, तरी नाही. माझा नवरा चेट जायचा. बापाने जावं, बोंबलावं, घसा बसवून घरी यावं. मी रेडिओ बारीक लावून काहीतरी चिरत बसायची आणि नाव येऊ नये म्हणून मेरीमातेला आळवायची.

कामच तसलं होतं त्याचं, आमच्या अमेरिकन फुटबॉलात. आपल्यातल्या एकाने चेंडू लाथेने लांब उडवायचा, पलीकडचा कुणीतरी तो झेलून छातीशी धरून सुसाट पळत सुटणार, आणि आमच्या लेनीने समोरून तितक्याच वेगात जाऊन त्याला आडवा करायचा. याचे पगार देतात! मी एकदा म्हटलं, "अरे, कुठे बँकेबिंकेत चिकट की." तर म्हणतो कसा, "आई, बँकेत मला टाळ्या कोण वाजवणार?"

ईस्टरच्या आधी चेटला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. उरले दोन-चार सुटे शब्द आणि शिव्या. शिव्या मात्र सगळ्या शाबूत. डॉक्टर म्हणाले, त्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात. मी म्हटलं, याचा तो कप्पा पहिल्यापासूनच मोठा आहे.

तर चेटचं स्टेडियम सुटलं, तो टीव्हीवर बघायला लागला, आणि त्या डिसेंबरात तेही बंद झालं. नियमच होता तसा. सामन्याच्या तीन दिवस आधीपर्यंत सगळी तिकिटं खपली नाहीत, तर आसपासच्या पाऊणशे मैलांत तो सामना टीव्हीवर दाखवायचा नाही. म्हणजे लोक झक मारत तिकीट काढतील. कोण काढतो? आमची टीम त्या वर्षी अशी हरत होती की फुकट तिकीट दिलं तरी आमच्या बफलो शहरातला माणूस घरी लाकडं फोडत बसला असता. गुरुवारी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, रविवारचा सामना इथे दिसणार नाही. चेटने डाव्या हाताने चप्पल उचलून टीव्हीवर भिरकावली. नेम चुकला आणि भिंतीवरची पोपसाहेबांची तसबीर खाली आली. काच फुटली नाही, पण मला ते मुळीच आवडलं नाही.

"साऱ्या देशाला दिसणार, आणि ज्यांच्या दारात खेळतायत त्यांना नाही," मी म्हटलं. चेटने त्यावर नेमका शब्द वापरला. तो मी इथे सांगत नाही.

रविवारी सकाळपासून तलावावरचं वारं सुटलेलं. सामन्याच्या दिवशी आमच्या गल्लीत सगळेच आपापल्या अंगणात पैसे घेऊन लोकांच्या गाड्या लावून घेतात. पूर्वी चेट आणि लहानपणी लेनी ते बघायचे, आता मीच लाल फडकं हलवत उभी. गाड्या येतात कुठे? शेवटी नारिंगी टोपी घातलेला एक जाडगेला माणूस आला.

"बाई, जागा आहे का?"

"अख्खं स्टेडियम मोकळं पडलंय आणि तुला माझंच अंगण सापडलं? लाव कुठेही."

"टीव्हीवर दाखवत नाहीत म्हणून आलो हो. नाहीतर या थंडीत कोण मरायला येतंय." त्याने गाडी लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हात चोळत गेला. त्याच्यामागे एक निळी गाडी आली, तिचीही किल्ली मी खिळ्याला लावली.

आत चेट खुर्चीत. टीव्हीवर सामन्याऐवजी कुठलासा माणूस होडीत बसून मासे पकडत होता आणि चेट त्याला शिव्या घालत होता. मी स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत बसले. रेडिओ बारीक. खिडकी बोटभर उघडी, कारण स्टेडियमचा आवाज मला थेट ऐकू येतो. आधी आवाज येतो, मग रेडिओवाला सांगतो काय झालं.

सामना अर्ध्याच्या पुढे गेला होता. चेंडू उडवला. लोकांचा तो चढत जाणारा आवाज आला, आणि मग एकदम काहीच नाही. आवाज ओसरतो तसा ओसरला नाही, तुटला. हजारो माणसं आणि चिडीचूप. वाऱ्याने खिडकी वाजत होती तेवढीच.

रेडिओवाला म्हणाला, "खाली कोण आहे? पिएत्रोव्स्की. लेनी पिएत्रोव्स्की पडलाय. हालचाल... थांबा, डॉक्टर धावलेत." आणि लगेच घर गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्यांची जाहिरात लागली. भट्टी! माझं पोरगं पडलंय आणि हा मला भट्टी साफ करून घ्या म्हणतो! मी वायरच उपटली. एक तर चेटला ऐकू जायला नको, दुसरं म्हणजे मला ते पुढचं ऐकायचंच नव्हतं. हात खिम्याने बरबटलेले, ते तसेच छातीशी धरून मी उभी राहिले. आता धावत जावं म्हटलं तर पाय उचलेनात. 

फोन वाजला. सिराक्यूजहून माझी धाकटी बहीण जीनी. तिचं गाव पाऊणशे मैलांच्या बाहेर, तिच्याकडे सामना दिसतो.

"फ्लो, रेडिओ लावलायस का?"

"तू बघतेयस ना? सांग मला. काय दिसतंय ते सांग."

जीनी एरवी तोंड उघडलं की दम लागेपर्यंत थांबत नाही. लहानपणी आई तिला चर्चमध्ये चिमटे काढून गप्प करायची. ती जीनी गप्प.

"जीनी!"

"पडलाय गं. उताणा. डॉक्टर बसलेत शेजारी."

"पाय हलवतोय का?"

"माणसं मध्ये उभी आहेत. नीट दिसत नाही."

"मग वाकून बघ ना!" टीव्हीत वाकून काय दिसणार? पण मी म्हटलं, आणि मला वाटतं ती वाकलीसुद्धा.

"हं," ती म्हणाली. "हलवला."

"काय हलवलं? नीट बोल!"

"पाय. पाय हलवला, फ्लो. उठवतायत त्याला."

तेवढ्यात खिडकीतून टाळ्या आल्या. साऱ्या स्टेडियमच्या. जीनी घाईघाईने म्हणाली, "उठला. दोघांच्या खांद्यावर हात टाकून चालत चाललाय."

मी तिथेच फरशीवर बसले. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. "मेल्याला घरी येऊ दे," मी म्हटलं, "तंगडीच मोडते त्याची." बाहेरच्या खोलीतून चेटने एक लांबलचक शिवी घातली, म्हणजे काय चाललंय असं विचारलं. "काही नाही रे, जीनीचा फोन आहे!" मी ओरडले. जीनी फोनवर काहीच बोलत नव्हती. तेव्हा मला ते कळायला हवं होतं, पण माणसाला जे ऐकायचं असतं तेच तो धरून बसतो.

हसणं-रडणं ओसरायला काही मिनिटं गेली, तोच दार वाजलं. "थांब गं, ठेवू नकोस," म्हणून मी फोन तसाच सोडून गेले. दारात नारिंगी टोपीवाला. नाक लाल, डोळेही लाल.

"बाई, माझी किल्ली द्या. आणि मागची ती निळी गाडी जरा काढायला हवी."

"संपला सामना?"

"नाही हो. मलाच बसवेना तिथे. त्या पोराचं ऐकलंत ना?"

"ऐकलं की. उठला ना तो? चालत गेला."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तो म्हणाला. "फळीला बांधून नेला. मान दोन्हीकडून धरून. बोटसुद्धा हललं नाही हो त्याचं. आम्ही आपल्या टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार? माझा धाकटा शाळेच्या टीममध्ये खेळतो, म्हणून मला ते..."

तो बोलता बोलता थांबला. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दारावरच्या नावाच्या पाटीकडे बघितलं. हळूच त्याने टोपी काढली.

"अरे देवा," तो म्हणाला. "बाई, मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं."

मी आत गेले. फोन उचलला. "खोटं बोललीस तू."

"ते परत परत दाखवतायत, फ्लो." जीनी हमसून हमसून रडत होती. "हळू करून दाखवतायत. त्याची मान... मी कसं सांगू तुला? तूच सांग, कसं सांगायचं होतं मी?"

"तोंडाने! तोंडाने सांगायचं! माझं पोर आहे ते!" मी इतक्या जोरात किंचाळले की कोबीची पानं ठेवलेली परात हाताच्या धक्क्याने खाली गेली. आणि मागे वळून बघते तर दारात चेट उभा. चार पायांच्या काठीवर सगळा भार टाकून, उजवा पाय फरफटत, आपला आपण आलेला. झटका आल्यापासून तो खुर्चीतून एकटा कधी उठला नव्हता. त्याने सगळं ऐकलं होतं.

त्याचा जबडा हलत होता, शब्द येत नव्हता. मला वाटलं आता हाही माझ्यासमोर पडणार. एकाच दिवशी दोघं. 

"जा," चेट म्हणाला.

"तुला एकट्याला टाकून कशी जाऊ?"

"जा!" आणि पुढे ती नेहमीची शिवी.

मी त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि फोन त्याच्या डाव्या कानाशी दिला. "जीनी, टीव्ही बंद कर आधी. बंद केलास? आता याच्याशी बोलत राहा. काहीही बोल, पण मी येईपर्यंत थांबू नकोस." निघताना बघितलं तर तिची बडबड सुरू झालेली, आणि चेट डोळे मिटून ऐकत होता.

खिळ्यावरच्या दोन्ही किल्ल्या काढून मी दारात नेल्या. टोपीवाल्यानेच निळी गाडी बाजूला घेतली आणि मला आपल्या गाडीत बसवलं. म्हणाला, "माझं नाव व्हर्न." तेवढंच. पुढे बिचारा सारखा माझ्याकडे बघायचा आणि परत रस्त्याकडे. त्याने रेडिओ लावला नाही, मीही लाव म्हटलं नाही.

रस्ता नेहमीसारखाच होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. एकजण शिडीवर चढून छपराला नाताळचे दिवे लावत होता. आमच्या ओळखीची एक बाई कुत्र्याला फिरवत होती, तिने मला हात केला. कॅलिफोर्नियात, टेक्सासात, कुठे कुठे लोक आपापल्या सोफ्यावर बसून माझ्या मुलाची मान मोडताना बघत होते, पुन्हा पुन्हा, हळू करून. आणि इथे, जिथे तो सायकल शिकला, तिथे रस्त्यावर कुणाला पत्ताच नव्हता. मला वाटत होतं, गाडीतून उतरावं आणि एकेक दार बडवून सांगावं. नाहीतर कुणालाच सांगू नये. कुणालाच माहीत नाही तोवर झालंच नाही असं धरून चालावं.

"जिवंत आहे ना रे तो?" मी व्हर्नला विचारलं.

"नेताना डोळे उघडे होते," तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, "म्हणजे, उघडझाप करत होता. मी बघितलं." खरं बोलतोय की हाही जीनीसारखा, ते त्याच्या तोंडावरून मला कळेना.

हॉस्पिटलात बाकावर बसवलं. किती वेळ, देव जाणे. टीमचे दोन साहेब आले, कोट घातलेले, माझ्याशी हळू आवाजात बोलले. त्यांचा एक शब्द मला आठवत नाही. मग डॉक्टर आला. वयाने लेनीएवढाच असेल.

"मानेचा मणका मोडलाय," तो म्हणाला. "जिवाचा धोका टळलाय असं म्हणू या. हातापायांचं आज काही सांगता येत नाही."

"आज नाही म्हणजे? उद्या सांगता येईल?"

त्याने दार उघडून धरलं. "दोन मिनिटं भेटा," म्हणाला. "रडू नका त्याच्यासमोर."

व्हर्न अजून दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्या बाजूने मी आत गेले.

लेनी पलंगावर उताणा. डोक्याभोवती लोखंडी कडं, कपाळात स्क्रूने बसवलेलं, त्याला वजनं लटकावलेली. केसांत अजून मैदानाचा चिखल. नजर छताकडे, दुसरीकडे बघता येतच नव्हतं. मी जाऊन त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. गरम होता, लहानपणी ताप आल्यावर असायचा तसा. मला एवढं हायसं वाटलं की सांगता सोय नाही. गरम आहे म्हणजे सगळं ठीक होईल, असं मी मनातल्या मनात घोकायला लागले.

"कोण? आई?"

"हो रे."

"तू पाहिलंस?"

"नाही. इकडे दाखवलाच नाही ना."

"बाबांनी?"

"तो मासे पकडणाऱ्याला शिव्या देत होता."

त्याचे ओठ हसल्यासारखे हलले. "बरं झालं," तो म्हणाला.  डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानात गेलं. मी ते पुसलं नाही, कारण त्याच्यासाठी हात सोडावा लागला असता.

"आई, मला खूप भीती वाटते गं."

"मी आहे ना इथे."

"मग हात धर ना माझा."

मी त्या हाताकडे बघितलं. माझी बोटं त्याच्या तळव्यात रुतली होती, नखांचे वळ उठले होते.

"हो रे राजा," मी म्हटलं. "हा बघ, धरला."