जुन्या डिस्कसाठी थांबताना

रेकॉर्डिस्टने बंद पडलेली नवी डिस्क साठवणीच्या खोक्यातून बाहेर ओढली आणि श्वास रोखून जुन्या डिस्कवरची फाईल उघडली. हेडफोनमध्ये मास्तरांचा आवाज आला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मास्तरांच्या घशाची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. त्यांचा आवाज आता फक्त या खोक्यात उरला होता.

खोकं जुळवलं होतं तिच्या दिराने. एक नवी, वाऱ्यासारखी पळणारी डिस्क आणि एक जुनी, फिरताना कण्हणारी. प्रत्येक फाईल दोन्हींवर जायची आणि जुनीचं लिहून होईपर्यंत नवीला ताटकळावं लागे. तिने तेव्हा दिराला चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"भावजी, ही म्हातारी काढा की आता. गिऱ्हाइकं खोळंबतात."

"खोळंबू द्या, वहिनी. अशा वेगळ्या जातीच्या दोघी एकदम आजारी पडत नाहीत."

खोळंबले होते ते मास्तरच. शस्त्रक्रियेआधी नातवंडांसाठी एकेक गोष्ट वाचायची आणि ती साठवून होईपर्यंत बायकोसोबत स्टुडिओच्या काचेपलीकडे बसून राहायचं. आज तिने मनोमन दिराचे पाय धरले. म्हातारीचेही धरले असते, पण तिला पाय नव्हते.

दुपारी मास्तर बायकोला घेऊन आले, गळ्याभोवती मफलर गुंडाळून. गोष्टी ऐकून झाल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. मास्तरीणबाई मात्र दाराशी घुटमळल्या.

"फार उपकार झाले तुमचे. पण हा त्यांचा वर्गातला आवाज. नातवंडांना पुरेल." त्या अडखळल्या. "मधे आम्ही नुसतेच बसायचो ना, तेव्हाचं काही नाही का?"

माइक तेव्हा चालूच राही आणि दोघांची बडबड पुढच्या फाईलच्या सुरुवातीला येऊन बसे. आज ऐकवताना रेकॉर्डिस्टने ती गाळली होती. कापायची मात्र राहून गेली होती, निव्वळ आळसाने. आपल्या आळसाचे तिने आयुष्यात पहिल्यांदा आभार मानले आणि एक तुकडा लावला.

स्पीकरमध्ये खुर्ची करकरली. मग मास्तर बोलले, घरच्या आवाजात, जरा वैतागून.

"अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"डोक्यावर आहे तुमच्या," दाराशी उभ्या मास्तरीणबाई चटकन म्हणाल्या.

आज चष्मा नाकावरच होता. तरी मास्तरांचा हात डोक्याकडे गेला.