नऊ वेळा उणे

मित्रांनो, मी एक जुनी ई-सिगारेट आहे. नाव ऐकून लगेच हात पुढे करू नका, मी तुमच्यासाठी नाहीच. इंग्लंडमधल्या मोरकम नावाच्या समुद्रकाठच्या गावात नोरीन क्लेग या आजीबाईंची सिगारेट सोडवायला मला आणलं, एवढंच माझं काम. ते मी चोख केलं होतं, म्हणून तर जीव जळतो.

शेन्झेनच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात बॅटरी, वर निकोटीनच्या रसाची टाकी, टाकीत कापूस आणि बारीक तार मिळून झालेली, रसाची वाफ करणारी कॉइल. अंगावर छोटा पडदा आणि व्होल्ट कमी-जास्त करायची दोन बटणं, अधिक आणि उणे.

नोरीनबाई चाळीस वर्षं सिगारेटी ओढत होत्या. मुलगी लॉरेनला बाळ झालं तेव्हा तिने स्पष्टच सांगितलं, "आई, या धुरात मी पोरीला ठेवणार नाही. तू सोड, मग दर गुरुवारी तुझ्याकडे देते." बाईंनी सोडली. कॅलेंडरवर रोज एक फुली मारायच्या. दोनशे बारा फुल्या झाल्या. गुरुवारी बाळ यायचं, आणि बाई मला दाखवून म्हणायच्या, "हिच्यामुळे नात मिळाली मला." तेव्हा मला धन्य वाटायचं.

मग दुकानात आमची नेहमीची कॉइल संपली. ती १.८ ओहमची, तिला ४.२ व्होल्ट मानवायचे. दुकानदाराने ०.८ ची दिली. "बसते ही. व्होल्ट तेवढे कमी करा हं, बाई." पण बिंगो या आकड्यांच्या खेळाची वेळ झाली होती, बाई निम्मं ऐकूनच निघाल्या.

तारेचा रोध कमी असला की त्याच व्होल्टवर वीज मोकाट धावते. पहिल्याच झुरक्याला कापूस करपला. "शी! जळकं फडकं चोखल्यासारखं लागतंय," बाई खोकत म्हणाल्या. त्यांनी रस बदलला. नवी कॉइल घातली. तीही जळाली. अहो, मी पडद्यावर ०.८ आणि ४.२ दर झुरक्याला दाखवत होते! कॉइलच्या अंगावरही कोरलं होतं, ३.२ ते ३.४. वाचायला नको? हीच बाई बिंगोची सहा तिकिटं एकदम सांभाळते. आकडे पुकारणारा "दोन जाड्या बाया", म्हणजे दोन गुबगुबीत आठ, म्हणतो न म्हणतो, तोच हिची अठ्ठ्याऐंशीवर खूण झालेली असते. आणि माझे दोन आकडे मात्र दिसेनात.

बिंगोच्या मध्यंतरात, बाहेर सिगारेट ओढणाऱ्यांच्या शेडमध्ये मैत्रीण ग्लेनिसने सिगारेटचं पाकीट पुढे केलं. बाईंनी मला कोटाच्या खिशात कोंबलं. लायटरचा खटका मी खिशातून ऐकला. काय करणार होते मी?

गुरुवारी लॉरेन दारात आली. आईला मिठी मारताना तिला कोटाचा वास आला. तिने बाळाची गाडी तशीच वळवली.

पुढच्या बिंगोला बाई मला कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाल्या. ग्लेनिसने हात धरला.

"थांब गं. हे चार पॉइंट दोन काय आहे?"

"बॅटरी उरली असेल तेवढी."

"अगं बये, व्होल्ट आहेत ते! माझा नवरा वायरमन होता, एवढं कळतं मला. हे बघ, कॉइलवर काय लिहिलंय. सहा तिकिटं सांभाळतेस आणि एवढं दिसत नाही?"

तिने उणेचं बटण नऊ वेळा दाबलं. ३.३ झाले. नवी कॉइल घालून रसात दहा मिनिटं भिजू दिली. बाईंनी झुरका घेतला. करपट वास नाही, खोकला नाही.

"नऊ वेळा," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं?"

हो, एवढंच होतं! राग येतो मला, अजूनही येतो. मित्रांनो, कुठलंही यंत्र बिघडलं म्हणून फेकण्याआधी त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. आम्हाला ओरडता येत नाही, आम्ही फक्त दाखवू शकतो.

कॅलेंडरवर बाईंनी पुन्हा पहिल्यापासून फुल्या मारायला घेतल्यात. "शंभर होऊ देत, मग बघू," असं लॉरेनने फोनवर सांगितलंय. आज सातवी फुली झाली. बाळ आता रांगायला लागलंय म्हणे. ते आम्ही दोघींनी अजून पाहिलेलं नाही.