गोमाजी कोतवालाचा भोंगा

मी गोमाजी कोतवालाचा भोंगा. ओरडणं हा माझा धंदा, तेव्हा मी हळू आवाजात काही सांगेन अशी आशा ठेवू नका. गोडही बोलणार नाही. गोड बोलणारे मी घाटावर पोटभर ऐकले आहेत आणि त्यांचा राग अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढरं अंग, लाल काठ, पोटात सहा जाडे सेल आणि गळ्यात अडकवायला पट्टा. पावसाळ्याच्या तयारीसाठी तालुक्याच्या कचेरीनं नदीकाठच्या गावांना दोरखंड, लाइफ जॅकेटं आणि एकेक भोंगा वाटला, तेव्हा मी या गावात आलो. गाव वैनगंगेच्या काठाला, गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या म्हणतील, आम्ही ऐकलंच नाही.

कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावातला सरकारी माणूस. नोटिसा पोचवायच्या, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या, दवंडी द्यायची. अलीकडे सरकारनं या पदाचं नाव बदलून महसूल सेवक केलं. गोमाजी म्हणायचा, "नाव बदललं, पण चहा मलेच आणा लागते."

त्यानं मला पहिल्यांदा तोंडाला लावलं तेव्हा तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या वासानं मला मळमळलं. तोंडाचाही तो भारी फटकळ. गावात त्याचं कोणाशी धड पटत नव्हतं. दवंडी देण्याची त्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. चौकात उभं राहून एकदा ओरडलं आणि घरी गेलं, असं त्यानं कधी केलं नाही. तो दारोदार जायचा आणि घरच्या माणसाचं नाव घेऊन ओरडायचा. चौकातली दवंडी दुसऱ्यासाठी असते असं प्रत्येकाला वाटतं, नाव घेतलं की माणूस निदान चिडून तरी बाहेर येतो, असं त्याचं म्हणणं. लोक चिडायचे. दुपारची झोप मोडली म्हणून शिव्या घालायचे. गोमाजी माझ्यातूनच त्यांना शिव्या परत करायचा, म्हणजे त्या साऱ्या आळीला ऐकू जायच्या.

मागल्या सालच्या आधीच्या साली, पोळा जवळ आला असताना, तलाठी वीरेंद्र साहेबांचा सकाळी फोन आला. धरणाचे दरवाजे उघडणार, गावाला सांगा. साहेब स्वतः भंडाऱ्याला आपल्या घरी होते. गोमाजीनं मला गळ्यात अडकवलं आणि पावसात निघाला.

"ऐका हो! धरणाचं पाणी सुटून राहिलं. सांजेपर्यंत गावात येईन. ढोरं सोडा, धान माळ्यावर चढवा, शाळेत चला."

दार न दार फिरला. सुखरामच्या दारात तर बराच वेळ थांबला. सुखरामच्या दोन म्हशी होत्या आणि दोन्ही गोठ्यात बांधलेल्या होत्या. सुखराम दारातूनच म्हणाला, "जा ना बाप्पा, पाणी दरसालीच येते. कान नको खाऊ." गोमाजी माझ्यातून ओरडला, "तू नको येऊ, पण म्हशी तरी सोड. तुया आळसापायी त्यायनं कायले मराव?"

त्या रात्री पाणी नेहमीच्या खुणेच्या फार वर चढलं. माणसं धावतपळत शाळेच्या माळावर पोचली, सगळी वाचली. धान गेलं, भांडीकुंडी गेली. सुखरामच्या म्हशी दाव्यालाच बुडाल्या.

पाणी ओसरलं आणि पाहणीला साहेब लोक येणार म्हटल्यावर गावात एक आवई उठली. इशारा मिळूनही ज्यांनी सामान हलवलं नाही, त्यांना मदत मिळणार नाही म्हणे. कोणी सांगितलं, कुठे लिहिलंय, एकानंही विचारलं नाही. ही आवई खोटी होती हे पुढे कळलं. पण ज्या गावाला घरासमोर येऊन, नाव घेऊन ओरडलेलं खरं वाटलं नाही, त्याला कानात कुजबुजलेलं मात्र लगेच खरं वाटलं.

पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "इशारा मिळाला होता का?"

सुखराम पहिला बोलला. "नाही साहेब. कोणी आलंच नाही."

मग सगळेच तसं बोलले आणि कागदावर सह्या झाल्या. गोमाजी बाजूला उभा होता, मी त्याच्या छातीवर. तो म्हणाला, "मी सांगलो होतो साहेब. दारोदार गेलो."

"पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

ओरडल्याची पावती कोणी देत नाही. गोमाजीनं वीरेंद्र साहेबांकडे पाहिलं. आपण घरी बसून फोन केला हे सांगावं लागलं असतं, म्हणून वीरेंद्र साहेब छत्री मिटवायच्या खटपटीला लागले. पुढच्या आठवड्यात हुकूम आला, कर्तव्यात कसूर केल्याबद्दल निलंबन. मला परत मागायला मात्र कचेरीतून कोणी आलं नाही. मी वाजलोच नव्हतो ना!

त्यानंतर मी त्याच्या घरात खुंटीला लटकलो. गोमाजी मला पुसायचा, सेल बदलायचा आणि परत अडकवायचा. त्याची बायको शकुनबाई म्हणायची, "जा ना, साहेबाले पुन्हा सांगून पाहा."

"मी सांगलो होतो," तो म्हणायचा. "आता त्याईनं सांगावं."

एवढीच त्याची मागणी होती. गावातल्या एकानं कचेरीत जावं आणि म्हणावं, होय, आम्ही ऐकलं होतं. ओट्यावर बसून तो रस्त्याकडे पाहत राहायचा. लोक जायचे-यायचे, रामराम करायचे. थांबायचं कोणी नाही. मला त्या प्रत्येकाच्या कानात शिट्टी वाजवावीशी वाटायची. दुसऱ्या साली धानाची मळणी उरकली, त्या थंडीत गोमाजीला ताप भरला, आणि त्या तापातच तो गेला.

मग पाहा गाव कसं लोटलं! जिवंतपणी ओट्यावर न चढलेले त्याच्या तिरडीला खांदा द्यायला एकमेकांना रेटत होते. पोरबाळ नव्हतं, म्हणून अग्नी द्यायला शकुनबाई स्वतः घाटावर आली. मला तिनं पदराखाली धरून आणलं होतं. "ज्याचं त्याच्यासंगं जाऊ द्या," म्हणत ती मला लाकडांवर ठेवायला गेली, तर वीरेंद्र साहेब पुढे झाले.

"बाई, ते सरकारी सामान आहे. जाळता येत नाही."

दीड वर्षात त्यांना माझी झालेली ही पहिली आठवण. पण त्यांचं माझ्याशी काम होतं. आमच्याकडे चितेला अग्नी दिला की तिथेच, घाटावर, शोकसभा होते. कोणीतरी अध्यक्ष होतं, चारजण गुण गातात, दोन मिनिटं मौन पाळून मंडळी घरी जातात. त्या दिवशी नदीवर वारा होता, मागच्यांना ऐकू जात नव्हतं. वीरेंद्र साहेबांनी बटण दाबून मला तोंडाला लावलं.

"गोमाजींच्या जाण्यानं महसूल खात्याचा एक प्रामाणिक आवाज हरपला आहे. कर्तव्य म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकलो."

मला त्यांचे शब्द थुंकून टाकता आले असते तर मी वैनगंगेत थुंकलो असतो. पण भोंग्याला निवड नसते. त्यांनी जे म्हटलं ते मी मोठं करून सांगितलं. आणखी एकदोघे बोलले. गोमाजी किती मनमिळाऊ होता असंही एकानं सांगून टाकलं.

शेवटी सुखराम उठला आणि त्यानं मला हातात घेतलं. त्याचे डोळे खरंच भरून आले होते, हे मी मान्य करतो.

"असा कोतवाल पुन्हा होणार नाई," तो म्हणाला. "दारात येऊन नावानं हाका मारे. पुराच्या दिवशी बी आला. पावसात उभा होता. म्हणे, सुखराम, म्हशी तरी सोड, तुया आळसापायी त्यायनं कायले मराव. मीच म्हणलो, कान नको खाऊ..."

तिथे त्याची जीभ थांबली. पण मी चालूच होतो. त्याचा नुसता श्वास साऱ्या घाटावर ऐकू येत होता.

शकुनबाई चितेजवळून उठून त्याच्यासमोर आली.

"मंग साहेबाले हे काहून नाई सांगला?"

वीरेंद्र साहेब घाईघाईनं म्हणाले, "आता आपण सर्वजण उभे राहून दोन मिनिटं मौन..."

"मौन नाई पाहिजे," शकुनबाई म्हणाली. तिनं सुखरामच्या हातातून मला ओढून घेतलं. "दीड वरस मौनच होतं तुमचं."

आणि तिनं नवऱ्यासारखंच केलं. एकेकाचं नाव घेतलं.

"सुखराम, ऐकला होता का नाई?"

"ऐकलो होतो," सुखराम म्हणाला.

"प्रवीण, तू?"

"ऐकलो होतो काकी."

ती नावं घेत गेली. कोणी मोठ्यानं, कोणी ओठातल्या ओठात, पण सगळ्यांनी हो म्हटलं. मागे लाकडं तडतडत होती. शेवटी ती वीरेंद्र साहेबांकडे वळली. "अन् साहेब, फोन तुमीच केला होता ना?"

साहेबांनी नदीकडे पाहिलं. मग मान डोलावली.

इतकी माणसं इतकं खरं एकदम बोलली, आणि ज्याला ते ऐकायचं होतं तो जळत होता. लोक म्हणतात मनावरचं ओझं उतरलं. तुमचं उतरलं असेल. माझा राग तिथून पुढे वाढला.

नंतर शकुनबाई सुखरामला घेऊन तालुक्याला गेली. त्या हुकुमातला 'कसूर' काढा, एवढंच तिचं मागणं. सुखराम म्हणाला, "मी सोता ऐकलो होतो साहेब." साहेबांनी जुना कागद उघडला आणि म्हणाले, "ऐकलं नाही म्हणून ही तुमचीच सही आहे. आता ऐकलं होतं, याला पुरावा काय?"

सुखराम अजून जातो. हात हलवत परत येतो. जाऊ दे, त्याच्या चपला झिजोत.

यंदाच्या पावसात धरणाचं पाणी सुटणार असा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर आला. शकुनबाईला कोणी हुकूम दिला नव्हता. तिनं खुंटीवरून मला काढलं, नवे सेल घातले आणि दारोदार फिरली. नाव घेतलं की ती पुढे जात नव्हती. घरातून "ऐकलं" असा आवाज येईपर्यंत पावसात तिथेच उभी राहत होती. सुखराम तर पहिल्या हाकेलाच नव्या म्हशीचं दावं हातात घेऊन बाहेर आला.

मी आता जुना झालो आहे. काठ फुटलाय, मधूनच खरखरतो. तुमच्याकडून मला काही नको, हार तर मुळीच नको. तुमच्याही गावात असा एखादा फटकळ माणूस तुमच्या दारात येऊन ओरडत असेल. चिडा त्याच्यावर, दोन शिव्याही घाला. पण तो दारात उभा आहे तोवर म्हणा, की ऐकलं. घाटावर म्हणू नका. तिथे मी ते कितीही मोठं करून सांगितलं, तरी त्याच्यापर्यंत पोचत नाही.