हाताने निवडायचं नेटवर्क

सभागृहात लावलेल्या पडद्यावरच्या नकाशात नदीकाठची वस्ती हिरवीगार दिसत होती. त्या हिरव्याकडे बघून मंगलचं डोकं तापत चाललं होतं.

"हिरवं म्हणजे उत्तम कव्हरेज," आशुतोष म्हणाला. मोबाइल कंपनीचा हा इंजिनिअर बेळगावहून आला होता. कर्नाटकातल्या या बोरगावकडच्या लोकांनी नेटवर्कची तक्रार लावून धरली, म्हणून कंपनीने त्याला समजूत घालायला धाडलं होतं.

मंगल वस्तीवरची आशा कार्यकर्ती. गरोदर बायकांना गोळ्या पोचवायच्या, कळा सुरू झाल्या की रुग्णवाहिका बोलवून दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. वस्तीवरच्या शाळकरी पोरांपैकी निम्मी तरी तिच्याच सोबतीने जन्मली होती.

मागच्या पंधरवड्यात भर दुपारी वस्तीवरच्या ऋतिकाला कळा सुरू झाल्या. मंगलने रुग्णवाहिकेचा नंबर लावला. तो लगेच लागला, पण नदीपलीकडे, महाराष्ट्रात. गावाचं नाव ऐकून तिकडची बाई म्हणाली, हे कर्नाटकात येतं, तिकडच्या लोकांना फोन करा. मंगल म्हणाली, नंबर दोन्हीकडे एकच आहे. मग परत लावा, असं उत्तर आलं. परत लावला, परत तीच बाई. शेवटी शेजारच्या ज्योतिबाने दुधाचा टेम्पो काढला. मूल टेम्पोतच झालं. ते रडलं नाही.

आशुतोषने सगळं नीट उलगडून सांगितलं. फोन आपलं राज्य शोधत नाही, ज्या टॉवरचा सिग्नल जोराचा त्याला धरतो. पाण्यावर आडवं काही नसतं, म्हणून पलीकडचा सिग्नल थेट पोचतो. आपला टॉवर मात्र घरांच्या आणि झाडांच्या आड पडतो. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या हा बिघाड नाहीच. शिवाय फोनमध्ये नेटवर्क हाताने निवडायची सोय आहे. ती वापरायला हवी होती.

शेवटचं वाक्य तो मंगलकडे बघून बोलला. सभागृहातल्या माना तिच्याकडे वळल्या. पुढच्या रांगेत ऋतिकाची सासू, बाळाबाई, बसली होती. तिनेही मागे वळून पाहिलं. ती नजर मंगलला झोंबली. उद्या कुठल्या दारात कोण तिला बोलावणार होतं?

"साहेब," मागून शामू बोलला, "आमी कुठल्या राज्यातलं, हे आमच्या आज्यापास्नं कुणाला ठरवता आलं न्हाय. तुमच्या टॉवरनं एका घंटीत निकाल लावला की."

लोक हसले. आशुतोषही हसला. मंगल उठून उभी राहिली.

"हातानं निवडायचं म्हणालासा न्हवं?"

"हो ताई. सेटिंगमध्ये जाऊन. सोपं आहे, मी दाखवतो."

"दाखवा, शिकते मी. पण त्या दिवशीचं सांगा. माझा एक हात तिच्या पोटावर हुता. दुसरा तिनंच आवळून धरलता. फोन खांद्यानं कानाला दाबून मी बोलत हुते. कुठल्या हातानं निवडू?"

आशुतोष लॅपटॉपकडे वळला.

"पाण्यावरनं सिग्नल येतोय हे तुमाला आदीपास्नं ठावं हुतं. आत्ता तुमीच सांगिटलासा. आन् चूक माझी?"

हा मुद्दा वरच्यांना कळवतो, असं तो म्हणाला. मग त्याने पुढचं चित्र लावलं. त्यात फाइव्ह-जीचा वेग होता, आणि मोबाइलवर सिनेमा बघणारं एक हसरं कुटुंब. मंगल तशीच बाहेर पडली.

ती थेट ऋतिकाकडे गेली. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. झंपर पुढून भिजलेला. बाळ नव्हतं, पण दूध थांबत नव्हतं. दूध आटावं म्हणून छातीवर बांधलेली ओली पट्टी मंगलने सोडली.

"काय म्हणला गं आक्का त्यो सायेब?"

"कव्हरेज चांगलं हाय म्हणं."

दार वाजलं. सभेतून परतलेली बाळाबाई आत आली. दोरीवरचं आपलं जुनं सुती लुगडं तिने ओढलं, दातांनी फाडून लांब पट्टी काढली आणि मंगलपुढे धरली. एकटीने पट्टी घट्ट बसत नाही. बाळाबाई सुनेच्या पाठीमागे बसली आणि दुसरं टोक तिने आपल्या हातात धरलं.

"वड," ती म्हणाली.