झोक्याखालचा चार्जर

ज्योत्स्ना हट्टालाच पेटली होती. आखाजीला, म्हणजे लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायच्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, जळगावहून दोंडाईचाला, माहेरी, आपली इलेक्ट्रिक गाडी आपणच चालवत न्यायची. "वाटेत अडकून बसशील, एसटीने जा," असं नवरा, जितेंद्र, म्हणाला, तेव्हा तर तिने चावी उचलून पर्समध्येच टाकली.

एरंडोलजवळचा चार्जर बंद निघाला. धुळ्याच्या अलीकडे एका हॉटेलाबाहेरचा चार्जर मोबाइलवर रिकामा दिसत होता, आणि तो रिकामाच होता. फक्त त्याच्या शेडच्या लोखंडी दांड्याला झोका बांधलेला, आणि झोक्यावर हॉटेलवाल्याची आई, भागाबाई.

"अक्का, झोका जरा सोडता का? गाडी लावायची आहे."

"आठला निंब पाडीसन हाई शेड बांधी. मंग आखाजीना झोका कोठे बांधू?" म्हातारी काही उतरेना.

इथला कडुनिंब याच शेडसाठी पाडला, म्हणजे म्हातारीचं खरंच होतं. पण बॅटरी संपत आली होती, आणि हार मानणं ज्योत्स्नाच्या स्वभावात नव्हतं. शेडच्या मागून, खड्ड्याखळग्यांतून, तिने गाडी इंच इंच उलटी घेतली. केबल जेमतेम पुरली आणि चार्जिंग सुरू झालं.

भागाबाई सगळं बघत होती. "कोठे चालनी?"

"माहेरी, दोंडाईचाला."

म्हातारी झोक्यावरून उतरली आणि तिने झोका ज्योत्स्नापुढे धरला. "मंग आखाजीना दिन उभी काय ऱ्हास? बठ."

पाऊण तासाने जितेंद्रचा फोन आला. "अडकलीस ना?"

"अडकले खरी," पायाने जमीन मागे रेटत ज्योत्स्ना म्हणाली. "गाडी केव्हाच तयार आहे, पण झोक्यावरून उतरवत नाही."