ताईची नजर

ताईचं सर्टिफिकेट आज संध्याकाळी संपत होतं. ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या थेरपी टेक्निशियनचं हे असंच असतं. दर वर्षी सुपरवायझरसमोर मुलाबरोबर काम करून दाखवायचं, तेव्हा कुठे पुढचं वर्ष पदरात पडतं. "चमचा दाखव म्हणायला दर वर्षी परीक्षा? आम्ही पाच पोरं तशीच वाढवली," असं सासूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या. म्हणायला काय जातंय! पास नाही झाली तर उद्यापासून मुलांच्या खोलीत पाऊल टाकता येणार नव्हतं. त्यात आधीची तारीख, जिच्याबरोबर काम करून दाखवायचं त्या मुलीच्या तापात वाया गेलेली. ताईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मुलगी सहा वर्षांची. सारखी स्वतःभोवती गरगरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. बोलायची नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही, सख्ख्या आईच्याही नाही. ती आई आत्ता काचेपलीकडे नाक चिकटवून उभी होती.

ताईने टेबलावर तीन चित्रं मांडली. "चमचा दाखव." भिंगरीने चमच्यावर बोट ठेवलं. ताईने बक्षीस म्हणून साबणाचे फुगे उडवले. "बूट दाखव." बरोबर. "घड्याळ दाखव." तेही बरोबर. कोपऱ्यात सुपरवायझर मॅडम मान खाली घालून खुणा करत होत्या.

"छान चाललंय. एवढं संपलं की सही करते," त्या म्हणाल्या.

आणि तेवढ्यात ताईच्या ध्यानात आलं. भिंगरी चित्रांकडे बघतच नव्हती. बोट उचलायच्या आधी ती पापण्यांखालून चोरून ताईच्या डोळ्यांकडे बघायची, आणि ते मेले डोळे आधीच बरोबर चित्रावर जाऊन बसलेले असायचे! नजर सरळ ठेवा, उत्तराकडे बघू नका, असं शिकताना कानीकपाळी ओरडून सांगतात. एवढी वर्षं काम करून नेमकं तेच हातून घडलं होतं.

मॅडमना काही दिसलं नव्हतं. मूग गिळून बसलं की सही पक्की. पुढच्या आठवड्यात गुपचूप सुधारलं असतं, कुणाला पत्ता लागणार होता? पण या प्रगतीच्या जोरावर भिंगरीची आई तिला शाळेत घालायला निघाली होती. तिथे पोरीला उत्तर सांगायला ताईचे डोळे नसणार होते.

"मॅडम, थांबा," ताई म्हणाली. "आता माझ्याकडे बघा." तिने नजर समोरच्या भिंतीवर रोवली. "बूट दाखव."

भिंगरीचं बोट हवेत अडकलं. मग ते घड्याळावर पडलं. पुन्हा बूटच विचारला, तर चमच्यावर.

दार ढकलून आई आत आली. "असं काय करते ही? येत होतं ना तिला?"

"नाही हो. मीच सांगत होते. डोळ्यांनी. माझ्या लक्षातच आलं नाही."

"म्हणजे इतके महिने सगळं खोटं?" आईला हुंदका आवरेना.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मला हे नापासच धरावं लागेल. पुन्हा परीक्षा होईपर्यंत तुम्हाला तिच्याबरोबर बसता येणार नाही."

"कळलं," ताई म्हणाली. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तो लागलाही होता चांगलाच. तिला रडू फुटलं. पोरीला दिसू नये म्हणून तिने डोळे गच्च मिटले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दोन चिमुकले, साबणाने चिकट झालेले हात ताईच्या हनुवटीला लागले आणि त्यांनी तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. ताईने डोळे उघडले. भिंगरी अगदी समोर होती. आता चोरून नाही, सरळ डोळ्यांत बघत होती.

आई हळूच गुडघ्यांवर बसली आणि तिने आपला चेहरा ताईच्या चेहऱ्याशेजारी आणला.

"मलाही शिकवा ना," ती म्हणाली, "तिने असं बघावं म्हणून काय करायचं ते."